निशिगंधाची लागण राहिली असेल तर आधी कंद वजनावर टाका, मग ठरवा

"एप्रिल-मेमधी जमलं नाही, आता जूनमधी गुलछडी लावली तर चालंल का?" असं बऱ्याच सभासदांनी विचारलंय. चालंल. पण उशिराच्या लागणीत सगळी मदार कंदावर असते, तारखेवर कमी.

आधी तारखेचा हिशोब बघा. चांगल्या कंदाला लागणीपासून पहिला दांडा यायला तीन ते चार महिने लागतात. यंदा अधिक ज्येष्ठामुळं सण पुढं गेलेत. गणपती 14 सप्टेंबरला, घटस्थापना 11 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. म्हणजे 20 जूनच्या आसपास लावलेला कंद गणपतीला सापडणार नाही, पण नवरात्रात तुळजापूरच्या बाजाराला पहिली फुलं देऊ शकतो. जुलैच्या मध्यावर लावला तर नवरात्र विसरा, दिवाळी धरा. त्याच्याही पुढं गेलात तर दांडा यायच्या वेळेला थंडी गाठते आणि पीक जागेवर बसून राहतं.

हा हिशोब खरा ठरतो तो फक्त मोठ्या कंदाला. 25 ते 30 ग्रॅमचा, लिंबाएवढा कंद पहिल्याच हंगामात फुलतो. सुपारीएवढा कंद नुसती पात काढतो आणि वर्षभर पोसत बसावा लागतो. हंगाम संपताना स्वस्तात मिळतो तो माल बहुतेक वेळा हाच असतो, मोठे निवडून उरलेला. नगावर भाव ठरवू नका. शंभर कंद काट्यावर टाका, अडीच किलो भरले तरच घ्या. 30 बाय 20 सेंटिमीटरवर गुंठ्याला साधारण 1,680 कंद, म्हणजे 42 किलो लागतात. मधल्या वाटा सोडल्या तर त्याहून कमी.

अंगठ्यानं दाबून बघा, कंद टणक पाहिजे. दोन-चार कंद मधोमध कापा. आत पांढरे असले तर ठीक, तपकिरी डाग दिसला तर ते पोतं तिथंच सोडा. कंद कधी काढलेत हेही विचारा. काढल्यावर महिनाभर सावलीत विश्रांती लागते. कालच उकरलेला ताजा कंद दिसायला झकास असतो, पण उगवण मागं-पुढं होते.

माळेसाठी सुट्टी फुलं विकायची असतील तर एकेरी जात घ्या: फुले रजनी, प्रज्वल, शृंगार. जिथं वांगी-टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या होत्या तिथं निशिगंध नकोच. दुसरं रान नसेल तर शृंगार घ्या, ती सूत्रकृमीपुढं बऱ्यापैकी टिकते. दुहेरी फुलाचे दांडे गुच्छासाठी जातात. सोलापुरात गिऱ्हाईक आधी बोलून ठेवलं असेल तरच त्या वाटेला जा.

आता रान. मे महिन्यात पाणी आपल्या हातात असतं, जूनमधी आभाळाच्या. काळ्या रानात सपाट वाफ्यात लावलेला कंद एका मोठ्या पावसात कुजतो. म्हणून गादीवाफाच करा, वीतभर उंच, पाणी निघून जाईल असा उतार ठेवून. कंद बुरशीनाशकात लेबलवरच्या प्रमाणात 20 मिनिटं बुडवा, सावलीत निथळू द्या, मग टोक वर ठेवून पाच-सहा सेंटिमीटर खोल लावा. चिखलात लावू नका, वापसा येऊ द्या. लावल्यावर एक पाणी. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर राहील एवढंच.

उशीर झाला म्हणून युरिया ओतायचा मोह होतो. त्यानं पात माजते, दांडा लवकर येत नाही. एकरी 80 किलो नत्र तीन हप्त्यांत, 30, 60 आणि 90 दिवसांनी द्या. स्फुरद 60 आणि पालाश 80 किलो लागणीलाच.

आणि मनासारखा कंद मिळालाच नाही तर? थोडेच, दोन-तीन गुंठ्यांपुरते निवडून लावा. हे पीक दोन-तीन वर्षं रानात राहतं, तुमचं बेणं घरचंच तयार होईल आणि पुढच्या एप्रिलला कुणाच्या दारात जावं लागणार नाही. कंद घ्यायच्या आधी काट्यावरचा फोटो ग्रुपवर टाका, बघून सांगतो.