नागिणीचा विळखा पूर्ण का होत नाही?

घरात कुणाच्या छातीवर किंवा कमरेवर फोडांचा पट्टा उठला की वडीलधारी माणसे म्हणतात, "नागीण आहे. तोंड नि शेपूट जुळलं तर माणूस दगावतो." मग कुणी गेरूचा लेप लावतो, कुणी मंत्र घालून आणायला नेतो. त्यात तीन-चार दिवस जातात. आम्हाला काळजी वाटते ती याच दिवसांची.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्याच, पुन्हा वर आलेल्या. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्याशेजारच्या मज्जापेशींच्या गाठींत जाऊन वर्षानुवर्षे पडून राहतो. कण्यातून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे वेगळे मज्जातंतू निघतात. प्रत्येकाच्या वाट्याला त्वचेचा एक पट्टा असतो आणि तो शरीराच्या मध्यरेषेशी संपतो. विषाणू ज्या तंतूतून उतरतो त्याच्याच पट्ट्यात फोड येतात. म्हणून विळखा सहसा अर्धाच राहतो. प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर फोड इतरत्रही पसरतात. तेव्हा धोका त्या अशक्तपणाचा असतो, टोके जुळण्याचा नव्हे.

ताप उतरताना ओठावर फोड आणणारा विषाणू याचाच भाऊबंद. १९०५ साली अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी चेहऱ्याच्या असह्य वेदनेवर मज्जातंतूंची शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांत एक गोष्ट टिपली. नंतर फोड आले, पण जिथला तंतू तोडला होता तेवढा भाग कोराच राहिला!

मग आपले सैनिक त्याला तिथेच का मारत नाहीत? मज्जापेशी मेली की तिच्या जागी नवी येत नाही. म्हणून रक्तातल्या टी पेशी तिला न मारता भोवती पहारा देतात, असे ओठाच्या विषाणूवर उंदरांत केलेल्या प्रयोगांत दिसले. हा पहारा वयाबरोबर सैल पडतो. इंग्लंडमधील डॉ. होप-सिम्पसन यांनी आपल्याच दवाखान्यातील रुग्णांच्या १६ वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली हेच मांडले. मनावरचा ताणही पहारा ढिला करतो, कारण तेव्हा मेंदूच्या आज्ञेवरून रक्तात कॉर्टिसॉल वाढते. निवडून घेतलेल्या धडधाकट अंतराळवीरांच्या लाळेतसुद्धा प्रवासात कांजिण्यांचा विषाणू सापडला आहे, अंगावर एकही फोड नसताना.

असीरगडावर गेलो की अश्वत्थाम्याच्या कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेची गोष्ट कुणीतरी सांगतेच. नागिणीचे तसेच होते. कातडी भरून येते, पण दुखावलेला तंतू महिनोन्‌महिने, क्वचित वर्षे, आग ओकत राहतो. सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही. आजी-आजोबांना हा त्रास अधिक होतो.

पालकांनो, विषाणूची वाढ रोखणाऱ्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर अधिक उपयोगी पडतात. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, नजर जाऊ शकते. पन्नाशीपुढील मंडळींसाठीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते. ती महाग आहे, तरी डॉक्टरांना विचारून पाहावे. फोड झाकून ठेवावेत. त्यांतल्या पाण्याने, कांजिण्या न झालेल्या नातवंडाला नागीण नव्हे, पण कांजिण्या होऊ शकतात. गरोदर सुनेने आणि तान्ह्या बाळाने खपल्या धरेपर्यंत दूरच राहावे.