अपील म्हणजे नवा खटला नव्हे

माझा चुलतभाऊ उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला होता. मारामारीच्या एका प्रकरणात बालाघाटच्या सत्र न्यायालयाने त्याला खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षांची शिक्षा दिली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत जे पाहिलं, त्यातलं दुसऱ्यांच्या कामी येईल ते सांगतो.

आधी मुदत. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस असतात, फाशी असेल तर ३०. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायलाही ३०च. निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. प्रमाणित नकल काढली तर तिच्यावरच्या तारखा नीट वाचा: अर्ज कधी दिला, नकल कधी तयार झाली, हातात कधी आली. अर्जापासून तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळतात. तयार नकल नेली नाही, तर ते दिवस आपल्या अंगावर.

आमची नकल वेळेत निघाली होती. ज्यांच्यावर भरवसा टाकला ते ‘अपील लागलं’ असंच सांगत राहिले. ते लागलंच नव्हतं. पुढे दुसऱ्या वकिलांनी उशीर माफीच्या अर्जासह अपील दाखल केलं. उशीर माफ झाला, पण तोवरचे महिने भाऊ तुरुंगातच होता. म्हणून तोंडी शब्दावर राहू नका. अपिलाचा नंबर मागून घ्या आणि उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. पैसे नसतील तर कैद्याला तुरुंगाच्या अधिकाऱ्यांमार्फत अपील पाठवता येतं, आणि १९८७च्या विधी सेवा कायद्याने त्याला मोफत वकीलही मिळतो.

शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला तेव्हा काकूंनी पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं, केस सुटली. पण ही मोकळीक अपिलाचा निकाल लागेपर्यंतचीच. अपील फेटाळलं तर उरलेली शिक्षा भोगायला परत जावं लागतं. सुनावणीला वर्षं लागू शकतात. तेवढा काळ जामिनाच्या अटी पाळा, वकिलांच्या संपर्कात राहा. वकील आले नाहीत एवढ्यावरून अपील फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये बानीसिंग प्रकरणात सांगितलं. मात्र त्याच निकालाप्रमाणे न्यायालय वकिलाविना, नुसते कागद वाचूनही निर्णय देऊ शकतं.

कारण अपील चालतं ते कागदावर. साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. नवा पुरावा अपवादानेच घेतात. आमच्या खटल्यात साक्षीदार कुऱ्हाडीचा घाव सांगत होते. डॉक्टरांनी उलटतपासणीत जखम बोथट वस्तूची, जिवावर न बेतणारी असल्याचं मान्य केलं होतं. न्यायमूर्तींनी नेमकं तेच वाक्य धरलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम जाऊन दुखापतीचं लागलं, आणि भोगलेली शिक्षा पुरेशी ठरली. दोष पुसला गेला नाही, पण माणूस घरीच राहिला. खालच्या कोर्टात तो प्रश्न विचारलाच नसता, तर जबलपुरात वाचायला काही उरलं नसतं. म्हणून खटला चालू असतानाच प्रत्येक साक्षीची नकल घ्या आणि वाचून पाहा.

एकाच पुराव्याचे तीन पायऱ्यांवर तीन निकाल कसे लागतात, हे खाणकामगारांनी आपले नेते शंकर गुहा नियोगी यांच्या प्रकरणात पाहिलं आहे. २८ सप्टेंबर १९९१ला भिलाईत त्यांचा खून झाला. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७मध्ये सहा जणांना दोषी धरलं. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने १९९८मध्ये सगळ्यांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये गोळी झाडणाऱ्या एकालाच जन्मठेप दिली. तेव्हा अपिलातून सुटकाच होईल, असं धरून चालू नका. आणि खालचा निकाल शेवटचा, असंही मानू नका. सुटकेविरुद्ध अपील करायचा हक्क २००९च्या अखेरीपासून पीडितालाही आहे.

१ जुलै २०२४पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. अपिलाची रीत बहुतेक तीच राहिली. शिक्षेच्या दिवशी घरात रडारड होणारच. दुसऱ्या दिवशी मात्र कुणीतरी एकाने नकलेच्या अर्जासाठी कोर्टात जायलाच हवं.