अक्षराचा क्रमांक

‘अक्षर’ म्हणजे जे क्षय पावत नाही ते. संगणकावर लिहिलेले अक्षर या नावास पात्र ठरते काय, याचा विचार आपण येथे करू.

संगणकाला आकृती कळत नाही. त्याला केवळ अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षरास क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ संकेतात अवघ्या १२८ जागा होत्या व त्यांत देवनागरीला स्थान नव्हते. तेव्हा पुढे एक तोड निघाली : इंग्रजी अक्षराच्याच क्रमांकावर देवनागरीचा आकार बसवावयाचा. मध्य प्रदेशात टंकलेखन शिकणाऱ्यांच्या परिचयाचा ‘कृतिदेव’ टंक याच जातीचा. त्यात ‘क’ दिसतो तो १०० या क्रमांकावर, म्हणजे इंग्रजी लहान ‘डी’च्या जागी. त्यात लिहिलेला ‘कमल’ हा शब्द तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडला, तर ‘डी, ई, वाय’ एवढेच दिसते. मुखवटा उतरला की सोंग संपते, तसाच हा प्रकार.

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोचे ‘इस्की’ मानक व ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती ही दोन्ही प्रसिद्ध झाली. युनिकोडने इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरून देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र विभाग दिला. त्यात ‘क’ २३२५, ‘ल’ २३५४ आणि ‘ळ’ २३५५. ‘काल’ व ‘काळ’ यांतील भेद मराठीला जितका प्रिय, तितकाच आमच्या कोंकणीलाही. तो येथे अंकानेच राखला आहे.

आता आपल्या गावाचेच नाव घेऊ. ‘पांढुर्णा’ यात रफार ‘ण’च्या माथ्यावर दिसतो, परंतु उच्चारात ‘र’ आधी येतो. युनिकोड हा उच्चारक्रम पाळतो; कृतिदेवात रफार मागाहून टंकावा लागतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण शोध घेऊ जाता कृतिदेवातील पांढुर्णा सापडत नाही.

पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा २०२३ साली नवा जिल्हा झाला. येथे कित्येक घरांत मराठी नांदते, कारभार मात्र हिंदीत चालतो. त्यामुळे जांब नदीविषयी वा संत्र्यांच्या बागांविषयी येथील मुले मराठीत जे लिहितील, ते दुसरीकडे कोठे मिळणार? म्हणून विद्यार्थ्यांनी नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या लेखांचे रूपांतर करून घ्यावे आणि ‘ळ’, रफार, जोडाक्षरे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावीत. एवढी दक्षता घेतली, तरच आपले अक्षर अक्षर राहील.