गॅसचा टेम्पो : आधी हिशेब, मग सौदा

सुरतेचा कपडा नवापूर-विसरवाडीमार्गे नंदुरबारला आणताना आपला बराच नफा डिझेल खाते. म्हणून आम्ही सी.एन.जी. टेम्पो घेतला. धूर व खर्च घटला; पण कपड्याच्या गाठी पूर्वीपेक्षा कमी बसू लागल्या. कारण साधे आहे. हा गॅस सुमारे २०० बार दाबाने भरतात, म्हणून सिलिंडर जड असतो, आणि आर.सी. बुकातील एकूण वजनात तोही मोजला जातो. सिलिंडरची दर ३ वर्षांनी दाबचाचणी सक्तीची आहे. जुनी गाडी घेताना तिची तारीख जरूर पाहावी. गावातील फेऱ्यांना बॅटरीची मालरिक्षा सोयीची; रात्री दुकानाशीच चार्ज होते. रोजचे किलोमीटर आणि ओझे आधी वहीत मांडा, मगच बयाणा द्या.