शंभर टक्के आणि पारमिता



उपासक-उपासिकांनो, या महिन्याच्या पाठासाठी दहा पारमिता हा विषय ठरला होता. लिहायला बसलो तर डोळ्यांपुढे सारखा पिकाचू येत होता. कारण यंदाचा सगळा उन्हाळा मी आणि माझी अकरा वर्षांची लेक एक जपानी व्हिडिओ गेम पूर्ण करण्यात गुंतलो होतो. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. ज्येष्ठांनी रागावू नये, थोड्या वेळात आपण सारनाथला पोहोचू.

सौदीतला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते. मोठ्यांची ही स्थिती, तर मुलांनी खेळायला कुठे जावे? शाळेला सुट्टी, कंपाउंडमधली झोपाळ्याची साखळी हात पोळेल इतकी तापलेली, आणि निम्मी कुटुंबे गावी गेलेली. अशा दिवसांत मुले पडद्यासमोर बसतात. त्यांना नुसते रागावण्यापेक्षा शेजारी बसून पाहावे, असे मी ठरवले.

खेळाचे नाव 'पोकेमॉन'. आपल्यापैकी तिशीतल्या लोकांनी तो भारतात असताना कार्टून नेटवर्कवर पाहिलेला असेल. जपान म्हटले की माझ्या पिढीला भदंत सुरेई ससाई आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. मुलांना हा पिवळा उंदरासारखा प्राणी आठवतो. मूळ खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये आला. तो कल्पिला सातोशी ताजिरी यांनी. लहानपणी ते टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे गोळा करायचे. पुढे शेते, तळी बुजली, इमारती उठल्या. शहरातल्या मुलांना तो शोधाचा आनंद मिळावा म्हणून त्यांनी हा खेळ रचला. मूळ खेळात १५१ प्राणी होते. आम्ही खेळलो ती त्याचीच २०१८ साली आलेली नवी आवृत्ती, 'लेट्स गो'.

गोष्ट साधी आणि हसरी आहे. एक मूल घरून निघते, गावोगाव फिरते, प्राणी पकडते, त्यांना शिकवते, आठ ठिकाणच्या उस्तादांना हरवते. 'टीम रॉकेट' नावाची चोरांची टोळी आडवी येते आणि फजिती करून घेऊन जाते. लढाईत प्राणी मरत नाही, फक्त मूर्च्छित होतो. गावातल्या केंद्रात नेला की दोन मिनिटांत बरा, तोही फुकट. (असे एखादे आरोग्य केंद्र आपल्या तालुक्याला मिळाले असते तर!) मात्र एका गावात सगळे थबकते. तिथे मेलेल्या प्राण्यांचे स्मारक आहे. चोरांच्या हातून मारल्या गेलेल्या एका आईचे भूत तिथे भटकत असते, आणि तिचे पिल्लू मागे उरलेले असते. लेक म्हणाली, "पप्पा, भूत-आत्मा काही नसतो, पण पिल्लाला आई नाही हे तर खरंच ना?" दुःख आर्यसत्य यापेक्षा सोपे करून मला सांगता आले नसते.

गोष्ट संपायला पंचवीस-तीस तास लागतात. पण लेकीला गोष्ट संपवायची नव्हती, खेळ 'पूर्ण' करायचा होता. म्हणजे यादीतला एकेक प्राणी आपल्या वहीत नोंदलेला हवा. यात खरी गंमत अशी की तो एकट्याने पूर्ण होतच नाही. खेळ मुद्दाम दोन जोडआवृत्त्यांत निघतो. काही प्राणी एकीत मिळतात, काही फक्त दुसरीत. त्यापलीकडे चार प्राणी असे आहेत की ते आपल्याजवळ कितीही काळ ठेवा, शेवटच्या रूपाला जात नाहीत. ते दुसऱ्याला द्यावे लागतात. आपल्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती गेले, की त्याच क्षणी त्यांचे रूपांतर होते.

आमच्याकडे एक आवृत्ती होती. दुसरी होती तासाभराच्या अंतरावर दम्माममध्ये राहणाऱ्या, आपल्याच शुक्रवारच्या वंदनेला येणाऱ्या एका कुटुंबातल्या मुलाकडे. एरवी वंदना झाली की ही मुले कोपऱ्यात आपापला मोबाईल घेऊन बसायची. त्या शुक्रवारी दोघे तीन तास एकमेकांना प्राणी देत-घेत बसले. दिलेला प्राणी परत मिळेल ना, यावरून थोडी रडारडही झाली. भिक्खू आनंदांनी एकदा म्हटले की कल्याणमित्रता म्हणजे अर्धे धम्मजीवन, तेव्हा भगवंतांनी त्यांना सांगितले की अर्धे नव्हे, ते संपूर्णच आहे. संयुत्त निकायातला हा प्रसंग मुलांना त्याच दिवशी सांगितला. एरवी त्यांनी कान दिला असता की नाही, शंका आहे.

ऑगस्टच्या शेवटी यादी पूर्ण झाली. खेळातल्याच एका इमारतीत खेळ बनवणारी मंडळी बसलेली दाखवली आहेत. त्यांना भेटलो. त्यांनी शाबासकी दिली आणि पडद्यावर एक प्रमाणपत्र दाखवले. लेकीने ते पाहिले, बटण दाबले, प्रमाणपत्र गेले. "पप्पा, एवढंच?"

आता सारनाथला जाऊ. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या द्वितीय खंडात पहिले प्रवचन आहे. त्यात बाबासाहेबांनी तीन मार्ग सांगितले आहेत: पंचशीलांचा विशुद्धीमार्ग, अष्टांगिक मार्ग आणि सद्गुणांचा मार्ग. हे सद्गुण म्हणजे शील, दान, उपेक्खा, नेक्खम्म, वीर्य, खंती, सच्च, अधिष्ठान, करुणा आणि मैत्री. त्यांना पारमिता का म्हणायचे? बाबासाहेबांचे उत्तर असे की माणसाने ते आपल्या सामर्थ्याच्या अखेरच्या मर्यादेपर्यंत आचरायचे असतात. 'पारमिता' म्हणजे पूर्णत्वाची अवस्था. पण हे पूर्णत्व मोजायला यादी नाही. तुमचे सामर्थ्य तेवढी तुमची मर्यादा, आणि सामर्थ्य वाढले की मर्यादाही पुढे सरकते. खेळातले शंभर टक्के आणि पारमितेतले पूर्णत्व यांतला पहिला फरक हा. खेळात कोणीतरी आधीच ठरवून ठेवले आहे की इतके झाले म्हणजे झाले.

तरी खेळाला अगदीच मोडीत काढू नका. वीर्य म्हणजे हाती घेतलेले काम मागे वळण्याचा विचारही न करता सर्व शक्तीनिशी करणे. अधिष्ठान म्हणजे ध्येय गाठण्याचा ठाम निश्चय. हे दोन्ही मी त्या पोरीत पाहिले. खेळात एक मासा आहे, मॅजिकार्प. त्याला पाण्यात उड्या मारण्यापलीकडे काही येत नाही, सगळे त्याला हसतात. चिकाटीने त्याला विसाव्या पातळीपर्यंत नेले की त्याचा प्रचंड जलनाग होतो. लेकीने त्या माशावर जेवढे कष्ट घेतले तेवढे तिने अपूर्णांकांच्या भागाकारावर घेतले असते तर, असे तिच्या आईचे म्हणणे आहे. आणि त्याच म्हणण्यात या पाठाचा गाभा आहे.

कारण बाबासाहेब दहा पारमिता सांगून थांबत नाहीत. प्रत्येक पारमिता प्रज्ञेच्या कसोटीवर घासून घ्यावी, असे ते बजावतात. दान आवश्यक आहे, पण प्रज्ञेवाचून केलेले दान घेणाऱ्याला लाचार करू शकते. करुणा आवश्यक आहे, पण प्रज्ञा नसेल तर ती दुष्टपणाला पाठीशी घालू शकते. हीच कसोटी वीर्याला आणि अधिष्ठानाला लावली तर? निश्चय दांडगा आहे, कष्ट खरे आहेत, पण ते कशासाठी, याचा विचार झाला आहे का? आम्हा मोठ्यांचेही असेच असते. इथे कित्येक जण 'एवढे घर पूर्ण झाले की परत जाऊ' म्हणून आले. घर झाले, मग प्लॉट, मग फ्लॅट. यादी वाढतच गेली. त्यांना मात्र कोणी व्हिडिओ गेमचे वेड आहे असे म्हणत नाही.

दहा पारमितांत मला सर्वांत अवघड वाटते ती उपेक्खा. मराठीत 'उपेक्षा' म्हटले की दुर्लक्ष असा अर्थ होतो, आणि घोटाळा होतो. बाबासाहेबांनी तो घोटाळा ठेवला नाही. त्यांच्या मांडणीत ही बेफिकिरी नव्हे. फळाने मन ढळू द्यायचे नाही, आणि तरीही फळासाठीचा प्रयत्न सोडायचा नाही, अशी ही मनाची ठेवण आहे. लेकीचे "एवढंच?" ऐकून मला आधी हसू आले, मग वाटले की ती उपेक्खेच्या दारात उभी आहे. प्रमाणपत्रात काही नाही हे तिला दिसले. आता दोन वाटा. एक, लगेच पुढचा गेम मागायचा; ती तृष्णेची वाट, आणि कंपन्यांनी तिच्यावर दिवे लावून ठेवले आहेत. दुसरी, त्या तीन तासांच्या देण्याघेण्यात आपल्याला मजा का आली, हे ओळखायचे. अकरा वर्षांच्या मुलीकडून याहून जास्त अपेक्षा करणे बरे नाही. तिने दोन्ही केले. नवा गेम मागितला, आणि दम्मामला कधी जायचे तेही विचारले.

काही उपासक विचारतात, बुद्धांनी खेळांना मनाई केली आहे ना? दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात खेळांची लांबलचक यादी आहे: आठ घरांचा आणि दहा घरांचा पट, मनातल्या मनात पट कल्पून खेळायचा खेळ, फासे, चेंडू, कोलांट्या, खेळण्यातला नांगर, रथ, धनुष्य, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे. पण भगवान स्वतः या सर्वांपासून दूर राहतात असे ते वर्णन आहे, आणि तो आदर्श भिक्खूंचा आहे. संसारी उपासकाला कोणी चेंडू टाकून दे म्हटलेले नाही. त्या यादीतला शेवटचा खेळ मात्र आपण सर्वांनीच लक्षात ठेवावा. तो आहे दुसऱ्याच्या व्यंगाची नक्कल. आपल्या स्नेहसंमेलनांत तोतऱ्याची, लंगड्याची नक्कल अजून टाळ्या घेते.

उपासकासाठी नियम सिगालोवाद सुत्तात आहे, आणि तो खेळाविरुद्ध नसून जुगाराविरुद्ध आहे. जुगाराचे सहा तोटे तिथे मोजले आहेत. जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेल्या धनाचा शोक होतो, डोळ्यांदेखत संपत्ती जाते, सभेत शब्दाला किंमत उरत नाही, मित्र तुच्छ मानतात, आणि सोयरीक करायला कोणी तयार होत नाही. आता हे व्हिडिओ गेमला कुठे लागू पडते? विकत घेतलेला आणि पूर्ण होणारा खेळ वेगळा, मोबाईलवर फुकट मिळणारा आणि कधीच न संपणारा वेगळा. या दुसऱ्या प्रकारात पैसे भरून बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे. जपानमध्ये याला 'गाचा' म्हणतात. त्यातल्या एका फसव्या प्रकाराला तिथल्या सरकारने २०१२ साली बेकायदा ठरवले. सौदीतही २००१ साली पोकेमॉनचे खेळ आणि पत्ते यांवर बंदी आली होती, आणि पत्त्यांत जुगार दिसतो हे दिलेल्या कारणांपैकी एक होते. आज चित्र पालटले आहे. रियाधमध्ये २०२४ पासून ई-स्पोर्ट्स विश्वचषक भरतो, आणि 'पोकेमॉन गो' हा मोबाईल खेळ २०२५ मध्ये इथल्याच सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या मालकीखालील कंपनीने विकत घेतला. सर्व संस्कार अनित्य आहेत, बंदीसुद्धा. शील मात्र सरकारी बंदी असो वा नसो, आपले आपणच पाळायचे असते.

हे तळमळीने लिहितोय त्याला कारण आहे. आपल्या ओळखीचा एक तरुण लेबर कॅम्पमध्ये राहतो. खोलीत सहा जण, कुटुंब मराठवाड्यात. रात्री झोप येत नाही म्हणून मोबाईलवर खेळतो. अशाच पेट्यांमध्ये त्याचे दोन महिन्यांचे घरी पाठवायचे पैसे गेले. त्याला 'व्यसनी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या खोलीत दुसरे होते काय? मजूर मंत्री असताना कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झटणाऱ्या बाबासाहेबांनी फुरसतीबद्दल फार मोलाचे लिहून ठेवले आहे. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी' या ग्रंथात ते म्हणतात की पशूला पोट भरले की पुरे, माणसाला मात्र संस्कृती हवी, आणि फुरसतीवाचून संस्कृती शक्य नाही. म्हणूनच त्यांना यंत्र हवे होते. ज्यांच्या आजोबांना दिवसभर वेठ पडायची, त्यांना आज मोकळी रात्र मिळते. ती भरण्याचे काम पेटीवाल्या कंपनीवर सोडायचे का? स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हेही विसरू नका.

त्या तरुणाला आता दर शुक्रवारी आपण गाडीने आणतो. तो कॅरम उत्तम खेळतो, आणि मुलांना त्याने सोंगट्या कापायला शिकवले आहे. कॅम्पमधल्या आणखी चौघांना यायचे आहे. ज्यांच्या गाडीत जागा असेल त्यांनी वंदनेला आल्यावर सांगावे.

पुढच्या अभ्यासवर्गासाठी द्वितीय खंडाचा दुसरा भाग, पहिले प्रवचन संपेपर्यंत, घरी वाचून या. मुलांसाठी वेगळा पाठ नाही, ती आपल्यासोबतच बसतील. प्रत्येकाने एक गोष्ट मनात धरून यावे: यंदा आपण जिद्दीने पूर्ण केलेले एखादे काम, मग ते घर असो, परीक्षा असो वा खेळ. त्यात कोणती पारमिता लागली आणि ती प्रज्ञेच्या कसोटीला उतरली का, एवढेच बोलायचे आहे. लेकीने आपली गोष्ट आधीच ठरवून ठेवली आहे, ती मासा निवडणार आहे.