लग्नकार्याचे नियोजन : मांडव घालण्याआधी पेरणीचा पैसा बाजूला ठेवा



हंगामाचे अंदाजपत्रक मांडताना आपण बियाणे, खते, फवारणी आणि मजुरी यांचा हिशेब करतो. परंतु ज्या एका खर्चामुळे अनेक कुटुंबांना वर्षानुवर्षे डोके वर काढता येत नाही, तो लग्नाचा खर्च त्यात कोठेच नसतो. पीक एका वर्षी बुडाले तर दुसऱ्या वर्षी सावरता येते. कर्ज काढून केलेले लग्न मात्र चार-पाच हंगाम खाऊन टाकते. म्हणून लग्नकार्य हाही शेतीच्या नियोजनाचाच भाग समजावा.

हा विषय केवळ पैशाचा नाही. 2017 साली लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने आत्महत्या केली. सततच्या नापिकीमुळे वडिलांना आपल्या लग्नाचा खर्च झेपत नाही, हे तिने चिठ्ठीत लिहून ठेवले होते. लेकीला आपले लग्न बापावरचे ओझे वाटू नये, एवढी जबाबदारी तरी आपण सर्वांनी घेतली पाहिजे.

लग्नसराई आणि पेरणीची गाठ

हदगाव हा पैनगंगा व कयाधू नद्यांच्या काठचा तालुका. इसापूर धरणाच्या पाण्यावर ऊस, केळी, हळद आणि कोरडवाहूत सोयाबीन, कापूस अशी येथील पिके आहेत. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास हाती येतो, कापसाचा हिवाळ्यात, तर हळदीचा शिजवून, वाळवून बाजारात नेल्यावर उन्हाळ्यात. लग्नसराईचा खरा जोर मात्र वैशाखात असतो आणि त्यानंतर महिनाभरातच मृगाची पेरणी येते. त्यामुळे बस्ता, मांडव आणि पंगतीत पैसा संपतो व बियाण्यासाठी आडत्याकडून उचल घ्यावी लागते. मग माल त्याच्याच आडतीवर, तो देईल त्या भावाने घालण्यावाचून मार्ग राहत नाही.

एक साधा हिशेब

समजा, एका कुटुंबाकडे 5 एकर कोरडवाहू सोयाबीन आहे. एकरी 8 क्विंटलप्रमाणे 40 क्विंटल माल झाला आणि क्विंटलला 4,500 रुपये भाव धरला, तर 1,80,000 रुपये येतात. एकरी 16,000 रुपयांप्रमाणे 80,000 रुपये खर्च वजा जाता 1,00,000 रुपये उरतात. घरखर्च, शाळा, दवाखाना हे सर्व त्यातूनच भागवायचे असते.

या कुटुंबाने लग्नासाठी 3 लाख रुपये शेकडा 3 रुपये महिना या दराने खाजगी सावकाराकडून घेतले, तर महिन्याला 9,000 आणि वर्षाला 1,08,000 रुपये नुसते व्याज होते. म्हणजे वर्षभराची सर्व शिल्लक देऊनही व्याज फिटत नाही, मुद्दल तर जागेवरच राहते. पुढे जमीन गहाण पडते ती अशी. प्रत्येकाने हाच हिशेब आपल्या घरचे आकडे घालून एकदा कागदावर करून पाहावा.

पीक कर्जाचा पैसा लग्नात घालणे हेही तितकेच धोक्याचे आहे. ते कर्ज वेळेत फेडले तरच व्याज सवलतीचा लाभ मिळतो. थकले की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते.

साध्या लग्नाची परंपरा आपलीच

साधे लग्न म्हणजे काही शहरातून आलेले खूळ नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुणे येथे सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. अत्यंत थोड्या खर्चात लागणाऱ्या या विवाहात वधू-वर सर्वांसमक्ष एकमेकांना वचन देत. कर्ज काढून लग्ने, सण करू नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा, असे संत गाडगे महाराज गावोगावच्या कीर्तनांतून सांगत राहिले.

पंगतीचेही उदाहरण जवळच आहे. हदगाव तालुक्यातील तामसा येथे बारालिंग देवस्थानात दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास भाजी-भाकरीची पंगत बसते. भाकरी घरोघरहून येतात, भाजी मोठ्या कढयांत एकत्र शिजते आणि हजारो माणसे मांडीला मांडी लावून जेवतात. तेथे पक्वान्न नसते म्हणून कोणी नाराज होऊन उठत नाही. गावकीच्या पंगतीत जे चालते, ते घरच्या लग्नात कमीपणाचे का मानावे?

नियोजन कसे करावे?

1. आधी रक्कम, मग माणसे, शेवटी पदार्थ ठरवावेत. बहुतेक घरी क्रम उलटा असतो. येत्या खरिपाचे बियाणे, खत आणि घरखर्च बाजूला काढून जी रक्कम उरेल, तीच लग्नाची मर्यादा धरावी.

2. सोयरिकीच्या बैठकीतच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी वऱ्हाडाची संख्या, मानपान आणि कपडे यांची यादी लिहून घ्यावी. ऐनवेळी वाढणारा खर्च बहुधा तोंडी बोलण्यामुळेच वाढतो. निम्मा-निम्मा खर्च दोन्ही घरांनी उचलल्यास उत्तम.

3. साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी उरकावे. एक पंगत, एक मांडव व एक वाहनभाडे वाचते.

4. शक्य असल्यास तिथी मार्गशीर्ष किंवा माघात धरावी. पिकाचा पैसा हाती असतो, ऊन नसते आणि अन्न लवकर आंबत नाही. वैशाखातच करणे असेल तर लग्न सकाळी लावावे, दुधा-खव्याचे पदार्थ टाळावेत आणि पिण्याचे पाणी निर्जंतुक करून झाकून ठेवावे.

5. एकमेकांना मानाचे कपडे घेण्याची पद्धत दोन्ही घरांनी मिळून बंद करावी. घेतलेले बहुतेक कपडे न वापरताच पुढच्या घरी जातात.

100 माणसांच्या पंगतीचा अंदाज

तांदूळ 9 किलो, कणीक 14 किलो, तूरडाळ 5 किलो, भाजी 14 किलो, तेल 5 किलो, गोडाला रवा 4 किलो व साखर 4 किलो, तसेच मीठ-मसाला लागेल तसा. तूरडाळ, गहू आणि भाजी घरची असल्यास रोख खर्च आणखी कमी होतो. माणसे जास्त आली तर भात व वरण वाढवता येते, म्हणून दोन्हींचा थोडा शिधा राखून ठेवावा. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी व द्रोण वापरावेत. जेवणानंतर त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकल्यास शेताला खत मिळते.

लग्न आपले वाटावे म्हणून

खर्च कमी केला म्हणजे हौस सोडली असे नाही. वाढण्याचे काम भावकीतील तरुणांनी करावे. डीजेऐवजी जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आजी-मावशींना हळदीच्या दिवशी आग्रहाने म्हणायला लावावे. वधू-वरांनी सर्वांसमोर आपल्या शब्दांत एकमेकांना वचन द्यावे. आहेर म्हणून आंब्याची, चिंचेची कलमे घेऊन ती बांधावर दोघांच्या हातून लावावीत. अशा गोष्टी मांडवाच्या झगमगाटापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतात.

बियाणे सांभाळा

पेरणीसाठी राखलेले घरचे सोयाबीन लग्नाच्या गडबडीत विकू नये. एकरी 30 किलोप्रमाणे 5 एकरांस 150 किलो बियाणे लागते. सोयाबीनचे साल नाजूक असते. पाहुण्यांसाठी खोली रिकामी करताना पोती आदळली किंवा त्यांच्यावर माणसे बसली तर उगवण घटते. पोती लग्नाआधीच सुरक्षित जागी हलवावीत आणि पेरणीपूर्वी उगवण तपासावी. ती 70 टक्क्यांपेक्षा कमी नसावी.

कायदा आणि योजना

लग्नासाठी मुलीचे वय 18 व मुलाचे 21 वर्षे पूर्ण असले पाहिजे. हुंडाबंदी कायदा 1961 पासून लागू आहे. हुंडा घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे असून त्यासाठी किमान 5 वर्षे कैदेची तरतूद आहे. विवाहाची नोंदणी 90 दिवसांच्या आत करून घ्यावी, ती ग्रामपंचायतीतही होते. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलींच्या सामूहिक किंवा नोंदणी पद्धतीच्या विवाहासाठी राज्य शासनाची शुभमंगल योजना आहे. तिचे अनुदान 2024 साली 10,000 रुपयांवरून 25,000 रुपये करण्यात आले. अर्जाची माहिती महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयात मिळते.

थोडक्यात, लोक काय म्हणतील या भीतीने लग्न मोठे होते, आणि लोक तर हात धुऊन झाल्यावर विसरून जातात. व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला आठवण करून देते. गावातील चार जाणत्या घरांनी एकत्र बसून साध्या लग्नाचे नियम ठरवले आणि त्यातील सर्वांत सधन घराने ते आधी पाळले, तर बाकीच्यांचा संकोच आपोआप जाईल. येत्या लग्नसराईपूर्वी अशी बैठक आपल्या गावात जरूर घ्यावी.