खिंडार नेमकं कुठे आहे?

आपल्या होस्टेलवर फुटबॉल म्हटलं की मँचेस्टर युनायटेड, नाहीतर बार्सिलोना. हा लेख त्या फुटबॉलवर नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू लंबगोल असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो! नियम समजावत बसलो तर अख्खं मासिक पुरणार नाही. एवढंच लक्षात ठेवा: चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, पुढे पळत जाऊन झेलणारा तो रिसीव्हर, आणि चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारा तो रनिंग बॅक. मला सांगायचंय ते खेळाडूंच्या निवडीबद्दल. दर एप्रिलमध्ये तिथले चाहते यावर जो वाद घालतात, तो आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी अभ्यासावा असाच आहे.

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंचा तिथे लिलाव होत नाही, ड्राफ्ट होतो. सात फेऱ्या असतात. आधीच्या मोसमात सगळ्यात खराब खेळलेल्या संघाचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा. नंबरांची आपापसात अदलाबदल चालते. निवडलेल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो, आणि २०११ पासून त्याचा पगार तो कितव्या नंबरवर निवडला गेला यावरून जवळजवळ ठरलेलाच असतो. आता, अख्ख्या संघाच्या पगाराला वरून मर्यादा असते (२०२० साली ती १९.८२ कोटी डॉलर होती). त्यामुळे ड्राफ्टमधला खेळाडू चांगला निघाला, तर चार वर्षं तो स्वस्तात पडतो आणि उरलेला पैसा दुसरीकडे वापरता येतो. सगळा खटाटोप यासाठीच.

वादाचा मुद्दा ठरलेला. संघाची गरज बघून निवडायचं, की उरलेल्यांत जो सगळ्यात भारी असेल तो उचलायचा? आपल्याकडे ऑप्शन फॉर्म भरताना ‘कॉलेज की ब्रँच’ यावर घरोघरी जसं रण माजतं, तसंच. भारतातलं उदाहरणही आहे. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये १९ वर्षांखालच्या खेळाडूंची वाटणी ड्राफ्टने झाली होती. दिल्लीला बंगळूरच्या आधी संधी होती. पण दिल्लीची फलंदाजी आधीच भरलेली, म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरला गेला. पुढचं सांगायला नको! पण शेवट माहीत असताना ‘भारी तोच घ्या’ म्हणणं सोपं आहे. निर्णयाच्या दिवशी गरज मोजायची कशी, हा खरा प्रश्न.

त्यासाठी मी ग्रीन बे पॅकर्स हा संघ घेतो. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. संघाला कुणी शेठ मालक नाही, सामान्य लोकांकडे शेअर आहेत. त्यामुळे तिथला प्रत्येक चाहता मालकाच्या थाटात बोलतो. (निवडीत त्याला काडीचाही अधिकार नाही, ही गोष्ट वेगळी.)

जानेवारी २०२०. पॅकर्स अंतिम सामन्यापासून एक पाऊल दूर होते आणि सॅन फ्रान्सिस्कोने त्यांना ३७-२० असं धुतलं. राहीम मोस्टर्ट या रनिंग बॅकने एकट्याने २२० यार्ड काढले. गंमत म्हणजे या मोस्टर्टला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं. चाहत्यांची यादी रातोरात तयार झाली: बचावफळी भक्कम करा, आणि क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्सला चांगला रिसीव्हर द्या. डाव्हान्टे अॅडम्स सोडला तर भरवशाचा रिसीव्हर नव्हताच. शिवाय रॉजर्स ३६ वर्षांचा, म्हणजे हाताशी दोन-तीन वर्षं. त्या ड्राफ्टमध्ये रिसीव्हरांचं पीकही अमाप आलेलं. पहिल्याच फेरीत सहा जण गेले.

आणि पॅकर्सने काय केलं? ३० वा नंबर आणि चौथ्या फेरीतला १३६ वा नंबर देऊन मायामीकडून २६ वा नंबर घेतला आणि जॉर्डन लव्ह नावाचा क्वार्टरबॅक उचलला. दुसऱ्या फेरीत ए. जे. डिलन हा रनिंग बॅक. एकूण नऊ निवडी, त्यात रिसीव्हर शून्य! लोक खवळले ते उगीच नाही.

इथे एक आकडेमोड करून बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज संघाने प्रत्येक नंबरला गुण देणारा एक तक्ता बनवला होता, तो अजूनही चर्चेत वापरतात. पहिल्या नंबरला ३००० गुण. २६ व्याला ७००, ३० व्याला ६२०, १३६ व्याला ३८. म्हणजे पॅकर्सने ६५८ देऊन ७०० घेतले. सौदा स्वस्तच! पण तक्ता नंबराची किंमत सांगतो. तो नंबर कशावर खर्च करायचा, ते सांगत नाही.

माझ्या मते चाहत्यांची यादी आणि व्यवस्थापनाची यादी यांत फरक पडतो तो काळाचा. चाहता शेवटच्या सामन्यात जिथून पाणी शिरलं ते खिंडार मोजतो. पण ड्राफ्टचा खेळाडू चार वर्षांसाठी असतो आणि तयार व्हायलाच त्याला एखाद-दोन वर्षं लागतात. म्हणून प्रत्येक जागेपुढे तीन रकाने आखावेत: आज कोण आहे, त्याचं वय काय, करार कधी संपतो. डिलनची निवड वेडेपणाची वाटली, कारण अॅरन जोन्सने २०१९ मध्ये धावांचे १६ टचडाउन केले होते. पण तिसरा रकाना बघा. जोन्स आणि त्याचा जोडीदार जमाल विल्यम्स या दोघांचेही करार २०२० च्या मोसमाबरोबर संपत होते. विल्यम्स खरोखरच डेट्रॉइटला गेला. क्वार्टरबॅकच्या बाबतीत तर या गावाने हे आधीच पाहिलं होतं. २००५ साली ब्रेट फार्व्ह ३५ वर्षांचा असताना त्यांनी २४ व्या नंबरवर रॉजर्सला घेतलं, तीन वर्षं बसवून ठेवलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच रॉजर्सने त्यांना सुपर बोल जिंकून दिला.

मग चाहते चुकले का? मी तसं म्हणणार नाही. २०२० मध्ये पॅकर्सने लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण केले आणि रॉजर्स सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणजे रिसीव्हरवाचून काही अडलं नाही असं वाटतं. पण टॅम्पा बेविरुद्ध ३१-२६ अशी हार झाली. पुढच्या मोसमात रॉजर्स पुन्हा सर्वोत्तम, आणि जानेवारी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून १३-१० ने पराभव. त्या सामन्यात त्याचे बहुतेक पास अॅडम्स आणि जोन्स या दोघांनीच झेलले. तिसरा हात मिळालाच नाही. मात्र सामना फिरला तो भलतीकडेच. शेवटची पाच मिनिटं उरली असताना पॅकर्सची एक किक अडवली गेली आणि त्यावर टचडाउन झाला. किकच्या वेळी उतरणारी जी वेगळी तुकडी असते, ती कुठल्याही चाहत्याच्या यादीत पहिल्या नंबरवर नसते.

गरज बघून निवडलं की जमतंच असंही नाही. टॅम्पा बेविरुद्धच्या सामन्यात कॉर्नरबॅकच्या जागेवर मार बसला म्हणून २०२१ मध्ये पहिल्या फेरीत एरिक स्टोक्स घेतला. पहिलं वर्ष छान गेलं, नंतर दुखापतींनी घोळ केला, आणि २०२५ मध्ये तो संघ सोडून गेला.

रॉजर्स एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. लव्हने त्याच मोसमात जागा सांभाळली, ३२ टचडाउन पास दिले आणि जानेवारी २०२४ मध्ये डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ ने हरवलं. सुपर बोल मात्र त्या वर्षीही लांबच राहिला. २०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच भरला. २३ व्या नंबरवर पॅकर्सने मॅथ्यू गोल्डन हा रिसीव्हर घेतला, २००२ नंतर पहिल्या फेरीत घेतलेला त्यांचा पहिलाच. गर्दीने गाव डोक्यावर घेतलं. त्याला पास देणार होता तो लव्ह.